पखालीला डाग

गेल्या आषाढात माझा पुतण्या वारीला निघाला. लोणंदला माउलींची पालखी गाठायची आणि वाखरीपर्यंत चालत जायचं, असा त्याचा बेत. पुण्याहून येताना त्यानं एक बाटली आणली होती. रबरासारख्या मऊ वस्तूची. पाणी भरलं की ती टुमदार उभी राहायची आणि रिकामी झाली की वरून दाबायची. घडीवर घडी बसून भाकरीच्या चानकीएवढी चपटी व्हायची आणि सदऱ्याच्या खिशात जायची. "वाटेत बिसलेरी घ्यायला नको, रिकाम्या बाटल्यांचा कचरा नको," असं तो सगळ्यांना सांगत होता. घरातल्या पोरांनी ती दाबून-उघडून तिची पार दैना केली.

थोरली आई ओसरीला बसली होती. तिला आता नव्वदी ओलांडून गेलीय, दिसतं बेताचंच. तिनं ती बाटली हातात घेतली, बोटांनी चाचपली, दाबली, तोंडाचं झाकण काढून आत फुंकर घातली. ती फुगली. मग म्हणाली, "आरं, ही तर पखालच की. नुसती बारकी केलीया."

पुतण्याला पखाल माहीत नव्हती. म्हण तेवढी माहीत होती: आजार हेल्याला नि इंजेक्शन पखालीला. इलेक्शनच्या सभेत कुणीतरी म्हटलेली त्यानं ऐकली होती. हेला म्हणजे रेडा एवढं त्याला कळत होतं, पखाल म्हणजे काहीतरी जनावरच असावं अशी त्याची समजूत. म्हणीत इंजेक्शन अलीकडं आलं. जुनी माणसं 'डाग' म्हणायची. जनावर आजारी पडलं की तापल्या लोखंडाचा डाग द्यायची पद्धत होती. तो डाग हेल्याला द्यायचा सोडून त्याच्या पाठीवरच्या कातड्याच्या पिशवीला दिला, तर हेला काही बरा होत नाही, पण पिशवीला भोक पडून तीही कामातनं जाते. असं दुहेरी नुकसान त्या म्हणीत आहे. इंजेक्शन घातल्यावर त्यातली निम्मी गंमत गेली.

मी पखाल पाहिलीय. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारादिवशी एक पखालवाले चाचा यायचे. त्यांचा हेला काळाभोर, संथ, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या पाठीवर कातड्याची मोठी पखाल, दोन्ही अंगांना लोंबणारी. भरली की तिचं पोट तट्ट फुगायचं आणि हेला चालताना दोन्ही बाजू जड झुलायच्या. आडावर पोहऱ्यानं पाणी शेंदून ते वरच्या तोंडातनं आत ओतायचे. भरत आली की हाताच्या पंजानं पखाल दाबून आतली हवा काढायची आणि मग चामड्याच्या वादीनं तोंड आवळायचं. हवा का काढता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बेटा, हवा ऱ्हायली की पाणी नाचतं. पाणी नाचलं की हेला बिचकतो."

हे किती खरं आहे ते बैलगाडीतनं अर्धी भरलेली घागर आणणाऱ्याला विचारावं. पाणी कमी झालं तरी घागर तेवढीच राहते, रिकाम्या जागेत हवा येते आणि पाणी डचमळून अर्धं वाटेतच सांडतं. पखालीचं तसं नाही. जेवढं पाणी तेवढीच पखाल. दोन घरी पाणी टाकलं की ती तेवढी बसायची, आणखी दोन घरी टाकलं की अजून बसायची, आणि शेवटी हेल्याच्या पाठीवर नुसती सुरकुतलेली कातडी उरायची. ती गुंडाळून चाचा परत आडावर.

त्यांचं पाणी सगळेच पीत नव्हते. हॉटेलवाला बाकडी धुवायला आणि भांडी विसळायला घ्यायचा, बांधकामावर चुना भिजवायला लागायचं, बाजाराच्या मैदानात धूळ बसावी म्हणून त्याचा सडा पडायचा. उरूस असला की दर्ग्यापुढं ते मोफत शिंपायचे. भिश्ती हा शब्द फारसीतल्या बिहिश्तवरून आला, बिहिश्त म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, असा अर्थ लावतात. आमच्या तालुक्यात मात्र स्वर्गातल्या माणसाच्या हातचं पाणी सोवळ्याला चालत नव्हतं.

पुढं मास्तरकी करताना हाताशी पुस्तकं आली तेव्हा या पिशवीचा माग काढायचा मला नाद लागला. ती फार जुनी निघाली. ऋग्वेदात तिला 'दृति' म्हटलंय. पर्जन्याच्या सूक्तात पाऊस म्हणजे देवानं पाण्याची कातडी पिशवी उलटी करून तोंड सोडलं, अशी कल्पना आहे. बेडकांवर एक सूक्त आहे, त्यात उन्हाळ्यात निपचित पडलेला बेडूक वाळल्या दृतीसारखा दिसतो. हे लिहिणाऱ्यानं रिकामी पखाल पाहिली होती यात मला शंका नाही. आमच्या ओढ्यातला मे महिन्यातला बेडूक अगदी तसाच दिसतो. पाणिनीच्या व्याकरणात 'दृतिहरि' असा शब्द आहे, दृती नेणारा पशू. कोशकार त्याचा अर्थ कुत्रा असा देतात, कातडं पळवतो म्हणून. काही विद्वान म्हणतात पखाल वाहणारं जनावर. मला तर तिथं चाचांचा हेलाच दिसतो, पण मी काही व्याकरणी नव्हे.

हुमायूनची गोष्ट शाळेत सांगितली की पोरं खूश व्हायची. 1539 साली चौसाच्या लढाईत शेरखानानं त्याला पळवून लावलं. बादशहा घोड्यासकट गंगेत पडला, बुडायला लागला. निजाम नावाचा भिश्ती तिथं होता. त्यानं आपली मशक फुगवून दिली आणि तिला धरून हुमायून पैलतीराला लागला. दिल्या शब्दाप्रमाणं पुढं त्या भिश्त्याला तख्तावर बसवलं. कुणी अर्धा दिवस लिहितात, कुणी दोन दिवस. त्यानं कातड्याची नाणी पाडली ही मात्र सांगोवांगी. पोरांना तेवढीच आवडायची. घागर बुडते, मशक तरंगते, कारण तिच्यात पाणीही भरता येतं आणि वाराही कोंडता येतो.

शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत एक आबदारखाना होता. नावच पाण्याचं. लष्कर चालतं तेव्हा माणसाला, घोड्याला पाणी लागतं आणि मातीची भांडी घोडदौडीत टिकत नाहीत. कातडं पडलं तरी फुटत नाही आणि रिकामं झालं तरी जागा अडवत नाही. दुष्काळी मुलुखातनं ज्यांनी जित्राबं हाकली, बैल लादून मीठ नि धान्य नेलं, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. आमच्याकडच्या धनगरांच्या खांद्याला मी वाळल्या भोपळ्याचा तुंबाही पाहिलाय. तोही हलका, पण एकदा दगडावर आपटला की संपला.

पण आमच्या घरातली खरी पखाल म्हणजे मोट.

आता इंजिनं नि मोटारी आल्यापासून जन्मलेल्या पोरांना मोट ही गाण्यातली वस्तू वाटते. आमच्या मोटेत आठ-दहा घागरी पाणी मावायचं. वरचं तोंड रुंद, खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. जाड दोर तो नाडा, तो वरच्या चाकावरनं जायचा. बारका तो सोंदूर, तो सोंडेच्या टोकाला बांधून खालच्या कण्यावरनं यायचा. मोट विहिरीत उतरली की कातडं पाण्यावर आधी चुरगळून बसायचं, मग हळूहळू पाणी पिऊन फुगायचं. बैल धावेवरनं उतरणीला लागले की भरलेली मोट वर यायची. सोंड तोवर उलट वर धरलेली, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी आली की सोंदूर सोंडेला पुढं ओढायचा आणि भसकन सगळं पाणी थारोळ्यात. लगेच मोट पुन्हा चपटी. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याचं डोकं काय असेल! आत बसवलेली झडप नाही, नळ नाही. कातडं वाकतं आणि पुन्हा सरळ होतं, एवढ्यावर सगळं.

हे कातडं आपोआप तसं होत नाही. मेलेलं जनावर ओढून नेणारे एक, कमावणारे दुसरे, शिवणारे तिसरे. ढोर समाजाची माणसं चुन्याच्या हौदात कातडं टाकून केस काढायची, मग बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवायची. तो वास गावाबाहेर ओढ्यापर्यंत यायचा आणि आम्ही नाकाला सदरा लावून पळायचो. सालीतला तुरटपणा कातड्यात मुरला की ते कुजत नाही. मग चांभार शिवायचा. शिवण अशी की बाहेरनं आत पाणी जाऊ नये, आतनं बाहेर येऊ नये. वर्षातनं करंजाचं तेल पाजायचं, नाहीतर कातडं तडकायचं. नवी मोट लावली की आठ-दहा दिवस पाणी तांबूस यायचं आणि तुरट लागायचं. ते आम्ही पीत होतो. सगळं गाव थारोळ्यावर येऊन पीत होतं. पाहुणा आला तर मुद्दाम मोटेचं ताजं पाणी.

आणि मोट शिवणारा? तो विहिरीच्या काठाला येऊ शकत नव्हता. मोट फाटली तर आम्ही ती बाहेर काढून, गाडीत घालून त्याच्या वस्तीवर न्यायची. त्याच्या घरचं पिण्याचं पाणी खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावरनं. वाटी-वाटीनं भरायचं. मी थोरल्या आईला लहानपणी विचारलं होतं की कातड्यातलं पाणी आपल्याला कसं चालतं. ती म्हणाली होती, "मोटंचं पाणी वाहतं. वाहत्याला इटाळ न्हाई." मला ते पटलं होतं. लहान होतो म्हणून पटलं असं आता म्हणता येत नाही, कारण पुढं कॉलेजात जाईपर्यंत मला तो प्रश्न पुन्हा पडलाच नाही.

आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तळं खणायचं चाललं होतं, तिथं बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रोखपाल होते. 1901 साली त्यांना भेटायला लहानगा भीमराव भाऊ नि भाचरांबरोबर साताऱ्याहून निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. जात कळल्यावर स्टेशनमास्तर दूर सरला, गाडीवाला दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी हाकायची पोरांनी आणि तो पायी चालणार. ते सगळं त्यांनी पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. पोरांजवळ जेवण होतं, डबे भरलेले होते. पाणी नव्हतं. पाण्यावाचून जेवता येईना. नाक्यावर मागितलं, मिळालं नाही. पोरं तशीच उपाशी झोपली. मसूर काय, गोरेगाव काय, आमच्या सोयरिकीतली गावं. मी तो रस्ता शंभरदा केलाय, आणि दर वेळी गाडीत पाणी होतं. 1927 च्या मार्चात महाडला चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं, तेव्हा मसूरच्या त्या रात्रीला सव्वीस वर्षं झाली होती.

इंजिन आमच्या विहिरीवर आलं तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. धूर ओकत ते असं धडधडायला लागलं की बैल दावणीला उड्या मारायला लागले. मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. त्याच सुगीला आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मोट शिवणाऱ्या म्हाताऱ्याचं बलुतं बंद केलं. खळ्यावर तो नेहमीसारखा पोतं घेऊन आला होता. आप्पा म्हणाले, "आता मोटच न्हाई, तर बलुतं कशाचं?" हिशेबाला बरोबरच होतं ते. तो काही बोलला नाही. पोतं झटकून खांद्यावर टाकलं आणि गेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची नातवंडं आज नोकऱ्यांत आहेत आणि त्यांना हे असं छापलेलं आवडेल का, मला सांगता येत नाही.

मग बहात्तर आलं. आधीची दोन सालंही धड नव्हती, बहात्तरला तर पावसानं पाठच फिरवली. विहीर तळाला गेली आणि इंजिन गप्प झालं. मोट असती तरी गप्पच राहिली असती. घरची सगळी पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. ज्यांच्या दारात खळं व्हायचं ती माणसं पाटी-खोरं घेऊन मुकादमाच्या हजेरीला उभी. तिथं सुकडी मिळायची, रेशनला परदेशी तांबडी मिलो ज्वारी. पाण्याला टँकर, तोही कधी येई कधी नाही.

आप्पांकडं कॅनव्हासची पाण्याची पिशवी होती. ट्रकवाले तिला छागल म्हणायचे, गाडीच्या तोंडाला बांधून न्यायचे. नवी पिशवी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. धागे फुगतात, विणीची भोकं मिटतात. तरी पाणी अगदी थोडं पाझरत राहतंच, आणि त्या पाझरण्यातच सगळी करामत आहे. बाहेरचा ओलावा वाऱ्यानं उडतो, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. जेवढं ऊन नि वारा कोरडा तेवढं पाणी गार. म्हणून ती पिशवी माणदेशात चालते आणि कोकणात नुसतीच भिजून लोंबते. पितळेच्या कळशीतलं पाणी दुपारी चहासारखं व्हायचं तेव्हा लिंबाच्या फांदीला टांगलेल्या त्या पिशवीतलं पाणी दात आंबवायचं.

ती पिशवी गाडीच्या धावेला घासून फाटली. नवी घ्यायला पैसे कुठले? आप्पांनी ती माझ्या हातात दिली आणि त्या म्हाताऱ्याकडं धाडलं. त्यानं ती उलटीपालटी केली, आरीनं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं आतनं-बाहेरनं कातड्याचं ठिगळ मारलं. ठिगळ आमच्याच जुन्या मोटेच्या सोंडेचं होतं. दुरुस्तीला नेलेला तुकडा त्याच्याकडं राहिला होता. पैसे त्यानं मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत.

कामावर पाण्याचे दोन रांजण होते. एक सगळ्यांचा आणि एक त्यांचा. 1955 सालीच अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालेला होता, पण रांजण दोनच होते आणि कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. एके दिवशी टँकर आला नाही. दुपारपर्यंत त्यांचा रांजण खडखडीत झाला. आमच्याही रांजणात गाळ राहिलेला. म्हातारा आमच्या लिंबापाशी आला, चार हात लांब उकिडवा बसला. आप्पा भाकरी खात होते. मला म्हणाले, "वाढ त्येला पाणी." मी पिशवी काढली. त्यानं ओंजळ तोंडाशी धरली आणि मी उंचावरनं धार सोडली. शिंतोडा माझ्या पायावर येऊ नये म्हणून मी एक पाय मागं घेतला होता. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं स्वतःचं ठिगळ त्याच्या डोळ्यांपुढं वीतभरावर होतं. पोटभर प्यायला, तोंड पुसलं, आणि ठिगळाकडं बघत म्हणाला, "आप्पा, गळत न्हाई न्हवं?"

आप्पा म्हणाले, "न्हाई."

दुष्काळ हटला, पुढं प्लॅस्टिकचे कॅन आले, मग बाटल्या. मुंबईला आरेचं दूध काचेच्या बाटलीतनं यायचं, रिकामी बाटली परत द्यावी लागायची. नंतर दूध प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं आणि पिशवीचा कापलेला कोपरा गटारात. पाणी विकत मिळेल असं बहात्तरच्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं. आज पालखी पुढं गेली की मागच्या तळावर बाटल्यांचा खच पडतो. नातेपुत्याच्या, माळशिरसच्या माळावर सकाळी जाऊन बघावं. 2018 च्या मार्चात सरकारनं प्लॅस्टिकबंदी काढली. पिशव्या काही दिवस दडल्या, बाटल्यांचं फारसं काही झालं नाही. बंदी घातली पिशवीवर, आणि पाणी विकत घ्यावं लागतंय ते वेगळ्याच कारणानं. थोरल्या आईची म्हण इथं जुन्या रूपातच घ्यावी.

पुतण्यानं मला आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं. परदेशात दारू खोक्यातल्या मऊ पिशवीत भरतात. 1955 साली अमेरिकेत शॉल नावाच्या माणसानं अशी पिशवी बॅटरीच्या ॲसिडसाठी काढली, आणि दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियात अँगोव्ह नावाच्या दारूवाल्यानं ती द्राक्षाच्या दारूला लावली. बाटली उघडली की हवा आत जाते आणि दारू दोन-चार दिवसांत आंबते. पिशवी ओतत जाल तशी बसत जाते, हवेला जागाच नाही, म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकते. हे ऐकून थोरली आई म्हणाली, "मग आमी लोणच्यावर चार बोटं त्याल कशापायी घालतो?" पुतण्या गप्प झाला.

लोणंदला निघायच्या आदल्या रात्री तिनं त्याला बजावलं की ती बाटली रातभर पाण्यात बुडवून ठेव, नवी हाय, वास मारंल. ही कॅनव्हासची नाही, भिजवायची गरज नाही, असं तो सांगत होता. शेवटी कंटाळून त्यानं बादलीत टाकली. सकाळी खरंच रबराचा वास थोडा कमी झाला होता.

वाखरीहून परत आला तेव्हा बाटली नव्हती त्याच्याकडं. बरडच्या पुढं दिंडीत एक म्हातारी चक्कर येऊन बसली होती, तिला पाणी दिलं आणि बाटली तिच्याकडंच राहिली म्हणाला. ती कुठल्या गावची, कुणाची, त्यानं विचारलं नव्हतं. थोरल्या आईनं एवढंच विचारलं, "घडी कशी घालायची ती दावलंस का तिला?"